उन्हाळी भुईमूग: पाला गुडघाभर, शेंगा मूठभर? या चुका टाळा

एप्रिलात रान हिरवंगार, बांधावरून जाणारा थांबून बघतो. काढणीला झाड उपटलं की पाच-सहा शेंगा, त्यातही दोन पोच्या, म्हणजे आत दाणा न भरलेल्या. खापर बियाण्यावर फुटतं. मी आधी विचारतो, पाण्याच्या पाळ्या कधी दिल्या?

सगळ्यात महाग पडते उगवणीनंतरची पाण्याची घाई. पेरणीनंतर चार-पाच दिवसांनी हलकं आंबवणीचं (उगवणीसाठीचं) पाणी द्या, उगवण पुरी होऊ द्या. मग फुलं दिसेपर्यंत पाण्याचा हात आखडता घ्या, पिकाला ताण द्या. भारी रानात हा ताण 20 दिवसांपर्यंत चालतो, हलक्या रानात कमी. मुळं खाली जातात आणि फुलं एकदम लागतात. याच दिवसांत दर आठवड्याला पाणी सोडलं, की झाड पाल्यावर जातं.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरियाच्या पोत्याला हात लावू नका. चुनखडीच्या, सतत ओल्या रानात पिकाला लोह मिळत नाही. पाणी तोडा, वापसा येऊ द्या, म्हणजे जादा ओल निघून माती भुसभुशीत होऊ द्या. तरीही पिवळेपणा राहिला तर लिटरला 5 ग्रॅम हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) फवारा.

आऱ्या, म्हणजे फुलातून निघून मातीत शिरणाऱ्या आणि टोकाला शेंग धरणाऱ्या दांड्या, सुटू लागल्या (साधारण 40-45 दिवस) की गणित उलटतं. आता ताण नको. वरची माती कडक झाली तर आरी आत शिरतच नाही. शिवाय शेंग कॅल्शियम टरफलातून थेट भोवतालच्या मातीतून घेते. मुळांनी उचललेलं तिच्यापर्यंत जवळजवळ पोचत नाही. म्हणून जिप्सम (कॅल्शियम देणारं खत) टाकलं आणि वरचा थर कोरडा ठेवला, तर शेंगा पोच्याच राहतात. आऱ्या मातीत गेल्यावर कोळपंही (ओळींमधली माती हलवणारं अवजार) बंद.

अंतराची चूक त्यामानाने सरळ आहे. टॅग-24 सारख्या उपट्या (उभट वाढणाऱ्या) जातीला 30 बाय 10 सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 33 झाडं. बियाणं वाचवायला दोन ओळींत 45 सेंटिमीटर ठेवून पेरलं, तर रान झाकत नाही; मधल्या पट्ट्यातलं पाणी ऊन आणि तण पितं. निमपसऱ्या (थोड्या जमिनीवर पसरणाऱ्या) जातीला मात्र जास्त जागा लागते. नांगे, म्हणजे बी न उगवल्याने राहिलेल्या मोकळ्या जागा, उगवण होताच भरा. मागून लावलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटतं.

शेवटचं पाणी देण्याआधी चार शेंगा फोडा. टरफल आतून काळपट झालं असेल तर पाणी थांबवा. उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे उगवण्याआधीचा विसावा, जवळपास नसतेच. ओल मिळाली की शेंगेतच कोंब येतात.