शाळा सुटल्यावरचा मोफत अभ्यासवर्ग : नाशिकच्या शाळेत तो कसा उभा करावा

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळेच्या वेळेनंतर मोफत अभ्यासवर्ग सुरू करावा, असा विषय पालकसभेत निघाला की चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : शिकवणार कोण आणि वह्या-खडूंचा खर्च कोण करणार. हे प्रश्न खरे आहेत, परंतु दुय्यम आहेत. ज्या मुलांसाठी वर्ग काढला तीच मुले महिन्याभरात येईनाशी होतात आणि ज्यांचे एरवीही बरे चालले आहे अशी मुले तेवढी उरतात, हे अशा वर्गांचे जुने दुखणे आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्थेने गावातील स्वयंसेवकांकरवी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले, तेव्हा जी मुले नियमित आली ती वाचू लागली. मात्र त्या गावांतील शंभरांपैकी जेमतेम आठ मुलेच वर्गाला आली होती. त्यामुळे पुढील मांडणीत मुलांची निवड, गट आणि हजेरी यांना परवानगी व साहित्यापेक्षा अधिक जागा दिली आहे.

परवानगी आणि ठराव

शाळेतील शिक्षकांनी जादा वर्ग घेणे नियमात बसते का, ही शंका पहिल्याच बैठकीत निघते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई करते, तर त्याच कायद्याचे कलम २४ प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेनुसार पूरक अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवते. म्हणजेच अडचण जादा शिकविण्यात नसून पैसे घेण्यात आहे. ‘ऐच्छिक वर्गणी’ किंवा ‘झेरॉक्सपुरते पन्नास रुपये’ हीदेखील वाट टाळावी. ज्या घरात पन्नास रुपये निघत नाहीत, त्या घरातील मूल दुसऱ्या दिवसापासून वर्गाकडे फिरकत नाही.

निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीत ठरावाने घ्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे कायद्याने आवश्यक आहे, मुख्याध्यापक तिचे सचिव असतात, त्यामुळे ठराव झाला की वर्ग कोणा एका उत्साही शिक्षकाचा न राहता शाळेचा होतो. ठरावात खोली, वार, वेळ, जबाबदार व्यक्ती आणि वर्ग कधीपर्यंत चालणार हे स्पष्ट लिहावे. ठरावाची प्रत जिल्हा परिषद शाळेने केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि महापालिका शाळेने शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे द्यावी व पोच घ्यावी. किल्ली कोणाकडे राहील, खोली कोण झाडेल आणि दिवे-पंखे बंद करून कुलूप कोण लावेल, याचाही उल्लेख ठरावात असावा. हे लिहिणे क्षुल्लक वाटेल, परंतु जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत बहुधा शिपाई नसतो आणि अनेक चांगले वर्ग केवळ किल्लीपायी बंद पडतात.

वेळ ठरविताना ‘शाळा सुटल्यावर’ या शब्दांवर विसंबू नये. शहरातील ज्या इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे भरतात तेथे सकाळची मुले सुटतात तेव्हा वर्गखोल्या रिकाम्या नसतात. तेथे सकाळच्या मुलांसाठी जवळचे समाजमंदिर किंवा मंदिराचा सभामंडप पाहावा, किंवा दुपारच्या मुलांना शाळेपूर्वी एक तास बोलवावे. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आई-वडील पाळीने कामावर जातात, त्यामुळे मुलाला आणायला कोण येणार हे विचारूनच सुटण्याची वेळ पक्की करावी.

मुले कशी निवडावीत

वर्गशिक्षकांकडून ‘कच्च्या’ मुलांची यादी मागविणे हा सोपा मार्ग असला तरी तो टाळलेला बरा. त्या यादीत दंगेखोर मुले हमखास येतात आणि गप्प बसून फळ्यावरचे उतरवून घेणारी, पण वाचता न येणारी मुलगी हमखास सुटते. त्याऐवजी तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची एकेकट्याने, दोन-तीन मिनिटांची तोंडी चाचणी घ्यावी. मुलांना कितपत वाचता येते व गणित जमते हे पाहणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातील मराठी चाचणीपत्रके मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांची पद्धत कोणालाही तासाभरात शिकता येते. मुलापुढे प्रथम पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवावा. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यावी, अडखळला तर शब्द द्यावेत, शब्दही जमले नाहीत तर अक्षरे दाखवावीत. गणितात हातच्याच्या वजाबाकीपासून सुरुवात करून जमल्यास भागाकाराकडे आणि न जमल्यास दोन अंकी संख्यांच्या ओळखीकडे जावे. चाचणी इतर मुलांच्या देखत घेऊ नये आणि तिला ‘परीक्षा’ हा शब्द वापरू नये.

चाचणीनंतर मुलांचे गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करावेत, हा या संपूर्ण मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पाचवीतील ज्या मुलाला शब्द वाचता येत नाहीत त्याला पाचवीचाच धडा संध्याकाळी पुन्हा शिकविणे म्हणजे दिवसाचा वर्ग दोनदा भरविणे होय. पाचवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो, हे खरे. त्यासाठी गटांना गोदावरी, दारणा, कादवा अशी नावे द्यावीत आणि दर काही आठवड्यांनी मुले एका गटातून दुसऱ्या गटात जाताना सर्वांना दिसू द्यावीत. एका गटात पंधरा ते वीस मुलांहून अधिक मुले नसावीत.

भाषेबाबत सावध असावे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या घरांत कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते, औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हिंदी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. मूल उत्तर देत नाही याचा अर्थ त्याला गणित येत नाही असा होत नाही. प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहावा आणि मगच पातळी ठरवावी.

तासाभरात काय करावे

शाळेचे जेवण दुपारी होते आणि संध्याकाळी पाचला मुलांच्या पोटात काही नसते, म्हणून वर्गाची सुरुवात फळ्याने न करता मूठभर शेंगदाणे-गूळ, चुरमुरे किंवा एखाद्या केळ्याने करावी. वस्तीतील किराणा दुकानदार किंवा बचतगट ही जबाबदारी महिना वाटून घेऊ शकतात. पैशांपेक्षा वस्तू मागणे हिशेबाच्या दृष्टीनेही सोयीचे असते.

त्यानंतर साधारण अर्धा तास वाचनाला द्यावा. अक्षर आणि शब्द पातळीच्या मुलांना बाराखडीचा तक्ता, शब्दकार्डे आणि स्वतःच्या बोलण्यातली वाक्ये द्यावीत. मुलाने तोंडी सांगितलेले वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्याकडूनच वाचून घेतले, तर ते वाक्य त्याला पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा लवकर वाचता येते. पुढच्या गटांसाठी गोष्टीची पुस्तके लागतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके व तिच्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांना एकदा घेऊन जावे. रांगांनी लावलेल्या कपाटांमधून स्वतः पुस्तक काढून पाहणे हा अनुभव पुष्कळ मुलांनी घेतलेला नसतो.

गणितात मराठी मुलांची एक खास अडचण असते, ती ध्यानात घ्यावी. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लिहावा लागतो, म्हणून ४७ चे ७४ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद काहीही असो, अडलेल्या मुलाला ‘चाळीस सात’ म्हणू दिल्याने आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून दाखविल्याने दशक-एकक उमजते, मग ‘सत्तेचाळीस’ही बसते. हातच्याची वजाबाकी याच गठ्ठ्यांवर शिकवावी : एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या होतात, हे हाताला कळले की वहीत चुकत नाही.

उरलेला वेळ खेळ, चित्र, नाटुकले आणि प्रयोग यांना द्यावा व तो कधीही कापू नये, कारण मुले बहुतांशी त्याच्यासाठी येतात. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातील पाणीसाठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रात रोज छापून येते. ती भिंतीवरच्या तक्त्यात मांडत गेले तर काही आठवड्यांत मुलांना आलेख वाचता येतो. गोदाघाटावर पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आले की छातीपर्यंत, यावर पूर मोजण्याची नाशिककरांची सवय तर मापन शिकविण्यासाठीच असावी असे वाटते. मुलांनी स्वतःच्या उंचीच्या रेघा भिंतीवर ओढून आपापला मारुती करावा; पुराच्या दिवसांत घाटावर मात्र त्यांना नेऊ नये.

आठवीच्या मुलांचा गट असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणे उपयुक्त ठरते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ती आहे, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पाचवीच्या मुलांसाठी नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा असते. या परीक्षांसाठी मात्र वार वेगळे ठेवावेत. एकदा परीक्षेचे वारे शिरले की सर्वांत चांगला शिक्षक सर्वांत हुशार पाच मुलांकडे वळतो आणि अक्षर पातळीची मुले चित्रे रंगवीत बसतात.

शिकविणारी माणसे आणि मुलांची सुरक्षितता

रोज थकून घरी जाणाऱ्या शिक्षकांवर सारा भार टाकू नये; त्यांनी चाचणी, गट आणि आठवड्याची आखणी पाहावी. प्रत्यक्ष गट सांभाळण्यासाठी डी.एल.एड. आणि बी.एड. चे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि वस्तीतील बारावी झालेल्या मुली यांना विचारावे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करावयाचे असते. एखाद्या कार्यक्रमाधिकाऱ्याशी बोलून त्यांतील काही तास या वर्गासाठी मागता येतात. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ संकेतस्थळावरही शाळेला स्वयंसेवकांची व साहित्याची मागणी नोंदविता येते. येणाऱ्याकडून निदान तीन महिन्यांचा शब्द घ्यावा, कारण दर पंधरवड्याला बदलणाऱ्या ताईंवर मुलांचा जीव बसत नाही.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, ओळखीची असली तरी. एका खोलीत एकटी मोठी व्यक्ती आणि एकटे मूल अशी वेळ येऊ देऊ नये, दार उघडे ठेवावे, माता-पालकांपैकी एकीने आळीपाळीने वर्गात बसावे, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा. अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोचली पाहिजेत, त्यामुळे हिवाळ्यात वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्यावी.

हजेरी

हजेरीपट रोज भरावा, पण तो आलेल्यांसाठी नव्हे तर न आलेल्यांसाठी वाचावा. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी घरी जावे. कारणे बहुधा साधी असतात : धाकट्या भावाला सांभाळायचे असते, पाण्याची वेळ तीच असते, किंवा कोणीतरी ‘ढब्बूंचा वर्ग’ म्हणून चिडविलेले असते. पहिल्या कारणासाठी उपाय असा की धाकट्यांनाही येऊ द्यावे आणि त्यांना मागे एक सतरंजी व खडू द्यावेत. ही एवढी मुभा नसल्यामुळे मोठ्या बहिणी शिक्षणातून गळतात.

दिंडोरी-निफाडकडील शाळांना द्राक्षांच्या छाटणी व काढणीच्या दिवसांत वेगळे पाहावे लागते, कारण पश्चिमेकडच्या तालुक्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांची मुले तेव्हा बागांवर असतात. ज्या शाळेतून मूल निघते तिने शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला नव्या गावी शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून दिले जाणारे पत्रक) द्यावे, आणि ज्या गावी ते पोचते तेथील वर्गाने ते पत्रक नसले तरी मुलाला बसवून घ्यावे व चाचणीपासून सुरुवात करावी. पंचवटीतील शाळांनी २०२७ च्या सिंहस्थातील गर्दीचे दिवस आताच दिनदर्शिकेत वगळून ठेवावेत.

सुमारे दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी. कोणाची पातळी किती सरकली हे पालकसभेत नावे न घेता सांगावे, प्रत्येक आईला मात्र तिच्या मुलाला समोर बसवून वाचून दाखवायला लावावे. जी मुले परिच्छेद सहज वाचू लागली त्यांनी वर्ग सोडून आपली जागा दुसऱ्याला द्यावी. गट, चाचण्या आणि घरभेटींची नोंद असलेली वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, आणि बदली होऊन नवे शिक्षक आले की पहिल्या आठवड्यातच ती त्यांच्या हाती द्यावी.