नोकरी सांभाळून प्रौढ शिक्षणात एम.ए. : प्रवेशापूर्वीच्या तयारीपासून प्रकल्पापर्यंत

कारखान्याच्या प्रशिक्षण विभागातील अधिकारी, बँकेच्या वतीने आर्थिक साक्षरतेची शिबिरे घेणारे समुपदेशक, रुग्णालयात सेवांतर्गत प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिका, बचत गटांच्या सहयोगिनी आणि केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमाखाली असाक्षरांचे वर्ग सांभाळणारे जिल्हा परिषद शिक्षक ही सारी माणसे प्रौढांना शिकवतात. परंतु प्रौढ माणूस कसा शिकतो, याचा पद्धतशीर अभ्यास करण्याची संधी त्यांना सहसा मिळालेली नसते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, प्रौढ शिक्षणातील एम.ए. हा दूरशिक्षण अभ्यासक्रम अशांना नोकरी न सोडता पूर्ण करता येतो. आपले काम हीच या विषयाची प्रयोगशाळा असल्यामुळे प्रकल्प कोणत्या प्रश्नावर करायचा, याचा विचार अर्ज भरण्याच्या आधीपासून करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम या पदवीची मर्यादा समजून घ्यावी. ही पदवी बी.एड.ला पर्याय नाही. शाळेत शिक्षक होण्यासाठी लागणारी व्यावसायिक पात्रता तिच्यामुळे मिळत नाही. प्रशिक्षण, विस्तारकार्य, साक्षरता आणि कौशल्यविकास या क्षेत्रांत किंवा विद्यापीठांच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागांत काम करणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो. विषय आपल्याला मानवतो की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहता येते. इग्नूचे अध्ययनसाहित्य 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असून प्रौढ शिक्षणाची ओळख करून देणाऱ्या पहिल्या अभ्यासक्रमाचे दोन-तीन घटक वाचले की मजकुराची पातळी आणि इंग्रजी आपल्याला कितपत पेलते, याचा अंदाज येतो.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि प्रवेश जानेवारी व जुलै या दोन सत्रांत होतात. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यापूर्वी एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढून ठेवावेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे विद्यापीठाची प्रादेशिक केंद्रे आहेत. शासकीय किंवा निमशासकीय सेवेत असलेल्यांनी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी आधी घेऊन तिची प्रत जपून ठेवावी, म्हणजे पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना अडचण येत नाही.

वेळेचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊन करायला हवा. इग्नूमध्ये एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरला जातो. वर्षाला 32 श्रेयांक पूर्ण करायचे ठरवले, तर 960 तास होतात, म्हणजे आठवड्याला सुमारे साडेअठरा तास. फिरतीची नोकरी असलेल्या किंवा घरी लहान मुले व आजारी वडीलधारे असलेल्या व्यक्तीला एवढा वेळ सातत्याने काढणे कठीण आहे. किमान कालावधी 2 वर्षांचा असला तरी कमाल मुदत त्याहून मोठी आहे. तेव्हा काही परीक्षा पुढील सत्रासाठी राखून ठेवण्यात कमीपणा मानू नये. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट न पाहता मुदतीत करावी लागते आणि जून व डिसेंबरमधील सत्रअखेरच्या परीक्षांचा अर्ज प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे, शुल्कासह भरावा लागतो.

स्वाध्यायांना, म्हणजे घरी लिहून सादर करायच्या उत्तरांना, 30 टक्के आणि सत्रअखेरच्या परीक्षेला 70 टक्के भार असतो. स्वाध्याय ठरलेल्या मुदतीत सादर केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. शिवाय बाजारात मिळणारी तयार उत्तरे उतरवून काढली, तर ज्यासाठी हा अभ्यास हाती घेतला तेच हातून निसटते. प्रौढ विद्यार्थी आपला अनुभव घेऊन वर्गात येतो आणि शिकलेले लगेच वापरता यावे अशी त्याची अपेक्षा असते, असे अमेरिकन प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी मांडले. या मांडणीवर उत्तर लिहिताना आपल्याच शिबिरातील कोणता भाग लोकांनी मनापासून ऐकला आणि कोणत्या वेळी ते उठून गेले, हे आठवून लिहावे. धोरणांच्या इतिहासासाठीही जवळची उदाहरणे भरपूर आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये श्रमिकांसाठी काढलेली रात्रशाळा, 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, 1967 मध्ये मुंबईत स्थापन झालेले पहिले श्रमिक विद्यापीठ, 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि 1988 चे राष्ट्रीय साक्षरता अभियान हा क्रम डोळ्यांसमोर असला, तर 2022 पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', कोणत्या जुन्या प्रश्नांशी झगडतो आहे, हे स्पष्टपणे मांडता येते.

प्रकल्पाचा विषय लहान आणि हाताशी असलेला निवडावा. 'महाराष्ट्रातील महिलांची साक्षरता' हा विषय नोकरदार विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. 'आपल्या गावातील साक्षरता वर्गाला महिला कोणत्या महिन्यांत येत नाहीत व का' हा प्रश्न मात्र हजेरीपट, पेरणी-कापणीचे वेळापत्रक आणि पंधरा-वीस मुलाखती यांच्या आधारे नीट तपासता येतो. मार्गदर्शकाची संमती आणि प्रस्तावाची मंजुरी मिळण्यापूर्वी माहिती गोळा करू नये. आपण ज्यांचे अधिकारी किंवा शिक्षक आहोत, त्यांच्या मुलाखती घेताना विशेष जपावे लागते, कारण आपल्यासमोर ते मोकळेपणाने नकार देऊ शकत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना संमतिपत्र त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे, नकार दिल्याने वर्गातील किंवा कामावरील त्यांचे स्थान बदलणार नाही हे स्पष्ट सांगावे आणि त्यानंतरच अंगठा किंवा सही घ्यावी. शक्य असल्यास मुलाखती आपल्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणाकडून घ्याव्यात.

पुढे अध्यापन किंवा संशोधनाकडे वळण्याचा विचार असेल, तर यूजीसी-नेट या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण व अनौपचारिक शिक्षण यांसाठी स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात. एम.ए. उत्तीर्ण होण्यास त्याहून कमी गुण पुरत असल्यामुळे हे उद्दिष्ट पहिल्या स्वाध्यायापासूनच डोळ्यांसमोर ठेवावे.