स्टराइल फील्ड सांभाळताना या चुका टाळा

स्टराइल फील्ड, म्हणजे निर्जंतुक सामान मांडायची निर्जंतुक जागा, बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा सामानाचा पॅक उघडायच्या आधीच झालेली असते. पेशंटला नीट पोझिशन दिलेली नसते, पंखा फुल चालू असतो, मोठ्या नंबरचा कॅथेटर (लघवी काढायची नळी) ट्रॉलीवर घेतलेलाच नसतो. ग्लोव्हज चढवल्यावर ते लक्षात येतं आणि मग कोपराने ड्रॉवर ओढण्यापासून कसरत सुरू होते. त्यामुळे सामान आधी मोजून घ्या, एखादा जादा कॅथेटर आणि ग्लोव्हजची जादा जोडी जवळ ठेवा. पेशंटलाही आधीच सांगा की हात छातीवर ठेवायचा, खाली आणायचा नाही. फील्ड अगदी शेवटी मांडायचं. आधी मांडून दुसऱ्या पेशंटकडे गेलात, तर परतल्यावर ते स्टराइल धरता येत नाही, कारण मधल्या वेळात तिथे काय झालं ते कुणीच पाहिलेलं नसतं.

पॅक हातात घेतल्यावर नुसती टेप बघून समाधान मानू नका. टेपवरचे काळे पट्टे एवढंच सांगतात की पॅक ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) गेला आहे. आतपर्यंत वाफ पोचली की नाही, त्यासाठी आतली इंडिकेटर पट्टी बघावी लागते. तारीख, फाटलेला कोपरा, ओल हेही तपासा. भिजून वाळल्याचा डाग दिसला तरी पॅक बाद. आता वाळलाय ना, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

उघडताना पहिली घडी आपल्यापासून लांब, मग बाजूच्या, आणि आपल्याकडची सगळ्यात शेवटी. उलटं केलं की लांबची घडी उघडताना हात फील्डवरून जातो, आणि बाहीचे धागे, त्वचेचे कण आत पडतात. चारी बाजूंची २.५ सेंटिमीटर किनार स्टराइल धरत नाहीत. टेबलाच्या कडेखाली लोंबणारं कापड, कमरेखाली गेलेला हात आणि पाठीमागे राहिलेली ट्रॉली, हेही त्यातच आलं.

सर्वात जास्त घोळ ओलाव्यामुळे होतो. सोल्युशन ओतताना शिंतोडे उडतात, कापडी ड्रेप (फील्डसाठी अंथरलेलं निर्जंतुक कापड) भिजतो आणि खालच्या टेबलावरचे जंतू त्या ओलीतून वर येतात. वरून मात्र सगळं छान पांढरंशुभ्र दिसतं! वाटी कडेच्या जवळ, पण किनारीच्या आत ठेवा. बाटलीचं लेबल तळहाताकडे धरून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवरून सावकाश ओता. आधी उघडलेली बाटली असेल, तर पहिले थोडे थेंब बाहेर टाकून द्या.

फोर्सेप्सचं (चिमट्याचं) असंच. ओला बोळा धरताना टोक वर केलं की सोल्युशन दांड्यावरून घरंगळत हातापर्यंत जातं. हातात ग्लोव्हज नसतील तर ते तिथेच दूषित होतं, आणि टोक पुन्हा खाली केलं की तेच पाणी बोळ्यात उतरतं. टोक कायम मनगटाच्या खाली ठेवा. जखम पुसताना बऱ्याच जणींचं मनगट सवयीने वळतं, तिथे लक्ष द्या.

ग्लोव्हज घालताना पहिला बहुधा नीट जातो. दुसऱ्याच्या वेळी ग्लोव्ह घातलेला अंगठा उघड्या मनगटाला टेकतो. ग्लोव्ह घातलेली चार बोटं दुसऱ्या ग्लोव्हच्या घडीच्या आत, अंगठा बाहेर ताणून धरलेला, अशी सवय लावून घ्या.

आता मध्येच काही बिघडलं तर?

ग्लोव्ह फाटला तर हात बाजूला घ्या, हात स्वच्छ करा, नवी जोडी घाला. फाटलेल्या ग्लोव्हने ज्या वस्तूला हात लागला, तीही बदला. पेशंटचा हात ड्रेपवर पडला तर फील्ड नवं मांडा. सामान कमी पडलं तर जाग्यावरूनच मदतनीसाला हाक मारा. ती पाकीट सोलून वस्तू फील्डवर वरून सोडेल, फील्डला न टेकता.

स्त्री पेशंटला कॅथेटर घालताना तो योनीमार्गात गेला, तर ओढून काढून तोच पुन्हा वापरू नका. तो तिथेच राहू द्या, म्हणजे चुकीची जागा कळते, आणि नवा स्टराइल कॅथेटर घ्या. लेबिया (योनीमुखाच्या कडा) बाजूला धरणारा हात तेव्हाच अस्टराइल झालेला असतो. तो कॅथेटर आत जाईपर्यंत जागचा हलवायचा नाही, आणि फील्डकडे तर न्यायचाच नाही.

टेकलं का नाही, अशी शंका आली तर टेकलं असंच धरा. समोरच्या सिनियरचा हात लागलेला दिसला, तरी सांगा. अवघड वाटतं, पण न बोलण्याची किंमत पेशंट मोजतो.

इमर्जन्सीत मात्र सगळे नियम पाळले जातीलच असं नाही. अशा वेळी काय राहिलं ते नोट्समध्ये लिहा आणि ड्युटी बदलताना तोंडीही सांगा. घाईत टाकलेली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी लागते, आणि ते पुढच्या शिफ्टला माहीतच नसेल तर लाइन तशीच राहून जाते.