दुखेल तेव्हाच गोळी? घरी रुग्णाच्या वेदना सांभाळताना या चुका टाळा

कर्करोगाचा रुग्ण असलेल्या घरी गेले की नाडी पाहण्याआधी मी गोळ्यांचा डबा मागवते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची १० मिलिग्रॅमची गोळी सकाळी ६ आणि १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता एकेक आणि रात्री १० वाजता दोन, असे लिहून दिलेले असेल तर १० दिवसांत ६० गोळ्या संपायला हव्यात. डब्यात मात्र ३८ शिल्लक निघतात. विचारले की उत्तर ठरलेले असते, "सिस्टर, फार दुखलं तरच देतो. उगाच कशाला?" या 'उगाच कशाला'मागे माया असते, काटकसर असते, भीतीही असते, परंतु घरच्या शुश्रूषेत होणाऱ्या बहुतेक चुका शेवटी याच वाक्यापाशी येऊन पोहोचतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

घड्याळ सोडून कण्हण्याकडे पाहणे

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा गुण यायला साधारण अर्धा तास लागतो आणि तो चार तासांच्या आसपास टिकतो. रुग्ण कळवळू लागल्यावर गोळी शोधायला उठले, तर तो अर्धा तास त्याला निव्वळ सोसण्यात काढावा लागतो, आणि एकदा भडकलेली वेदना नेहमीच्या मात्रेला जुमानत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पद्धत सांगितली, तिच्यात औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि पायरीपायरीने वाढवावे, अशी सूत्रे होती : पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीची सूज उतरवणारी औषधे, दुसरीवर कोडीन किंवा आता ट्रामाडॉल, तिसरीवर मॉर्फिन. दुखो अथवा न दुखो, ठरलेल्या वेळी गोळी द्यावी. रात्रीची दुप्पट मात्रा डॉक्टरांनी चुकून लिहिलेली नसते. मध्यरात्री २ वाजता गोळीसाठी उठवावे लागू नये, हा तिचा हेतू असतो.

मधेच दुखणे उसळले तर जास्तीची एक मात्रा द्यायला डॉक्टरांनी सांगितलेले असते. ती दिली म्हणून पुढची वेळेची गोळी गाळणे, ही याच चुकीची धाकटी बहीण. जास्तीची मात्रा नियमाच्या मात्रेचा हप्ता नसतो. मात्र ती किती वेळा लागली याची नोंद हवीच, कारण रोज तीन-चार वेळा लागत असेल तर मूळ मात्रा अपुरी आहे, एवढे डॉक्टरांना त्या नोंदीवरूनच कळते. एका घरी आजींच्या सुनेने कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक फुल्या मारून ही नोंद ठेवली होती. छापील तक्त्यांपेक्षा ती मला अधिक उपयोगी पडली, कारण ती खरोखर रोज लिहिलेली होती.

'बरं आहे ना?' असे विचारणे

या प्रश्नाला आपल्याकडे 'बरं आहे' हे एकच सभ्य उत्तर आहे. नव्या परिचारिकाही तोच प्रश्न विचारून पुढच्या खाटेकडे वळतात. कोठे दुखते, कसे दुखते, कशाने वाढते, रात्री झोप लागली का आणि शून्य ते दहामध्ये किती, असे वेगवेगळे विचारावे. दहाचे गणित जुन्या माणसांना परके वाटते, म्हणून मी त्यांना विचारते, "आजोबा, रुपयातले किती आणे दुखतंय?" काल बारा आणे होते आणि आज चार आणे राहिले, हे उत्तर कोणत्याही मोजपट्टीइतकेच चोख असते.

कसे दुखते याचे उत्तर रुग्णाच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून घ्यावे. 'रुग्णाला वेदना आहेत' असे शुद्ध वाक्य करून त्यातला अर्थ घालवू नये. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. ठसठसते म्हणणाऱ्याच्या जखमेत पू साठत असण्याची शंका घ्यावी. पोटात मुरडा पडतो, पिळवटून येते असे म्हणणाऱ्याच्या आतड्यांकडे पाहावे, कारण तेथे मॉर्फिन वाढवून उलट त्रास वाढू शकतो. आग होते, सणक जाते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखे होते, असे शब्द आले की नस दुखावलेली असण्याचा संभव मोठा असतो आणि अशा वेळी डॉक्टर ॲमिट्रिप्टिलीन किंवा गाबापेंटिन सुरू करतात. येथे एक हमखास घोटाळा होतो : घरातले कोणी मोबाइलवर नाव शोधते, पहिले औषध नैराश्याचे आणि दुसरे फिटचे असल्याचे वाचते, आणि "आमच्या आईला फिट येत नाही" म्हणून ते परस्पर बंद करते. ही औषधे नसांच्या दुखण्यावरही चालतात आणि त्यांचा गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर धीर धरावा.

हलले की हाडातून कळ जाते, असे रुग्ण सांगत असेल तर ते वेगळे कळवावे, कारण हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर किरणोपचाराची एखादी बैठकही पुष्कळ आराम देऊ शकते. आणि पाठ दुखत असतानाच पायांतले बळ जाऊ लागले, पाय बधिर वाटू लागले किंवा लघवी अडली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही खूण असू शकते आणि गेलेली शक्ती उशीर झाल्यास परत येत नाही.

ज्यांना बोलता येत नाही किंवा स्मृतिभ्रंशामुळे सांगता येत नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना निघणारा आवाज आणि अचानक सोडलेले जेवण, यांवरून वेदना ओळखावी लागते. अशा रुग्णाला 'चिडचिड करतो' म्हणून झोपेची गोळी दिली की तो गप्प होतो, दुखणे तसेच राहते.

मॉर्फिनचे नाव काढताच घाबरणे

सवय लागेल, नशा चढेल, मॉर्फिन म्हणजे शेवट आला, ही तीन वाक्ये मी शिकलेल्या घरांतही ऐकते. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे हे विरळा आहे. शरीराला औषधाची सवय होते हे मात्र खरे, आणि म्हणूनच ते एका दिवसात तोडू नये. मात्रा उतरवत न्यावी लागते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस रुग्ण बराच झोपतो, कधी मळमळते. आठवडेच्या आठवडे न झोपलेला माणूस दुखणे थांबल्यावर झोपणारच. हाक मारल्यावर तो डोळे उघडून ओळखीचे बोलत असेल, तर घाबरून पुढची गोळी चुकवू नये.

खरी धोक्याची खूण वेगळी असते : हलवूनही नीट जाग न येणे, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे. श्वास मोजताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजावे, कारण संथ श्वासात तेवढ्याने मोठी चूक होते. या खुणा दिसल्या तर पुढची मात्रा थांबवून तत्काळ डॉक्टरांना बोलवावे किंवा रुग्णालय गाठावे. हातपाय दचकल्यासारखे उडू लागले, नसलेली माणसे दिसू लागली किंवा लघवी कमी झाली, तरीही लगेच कळवावे. मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि मूत्रपिंड थकले की तीच मात्रा जास्त होऊ लागते.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, हा विषय थोडा कायद्याचा आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवाने काढावे लागत; २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येऊ लागले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी तालुक्याच्या गावी दहा गोळ्यांसाठी माणसाला एसटीने दिवस मोडावा लागतो, याचा मला आजही राग येतो. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय आणि १९८६ पासून वांद्र्याला असलेले शांती अवेदना सदन, पुण्यात वारज्याचे १९९७ मध्ये सुरू झालेले सिप्ला केंद्र, अशी वेदनाशमनाची ठिकाणे आहेत; आपल्या जिल्ह्यात जवळची मान्यताप्राप्त संस्था कोणती, हे औषध सुरू होतानाच विचारून ठेवावे. गोळ्या आठवड्याच्या उरल्या की पुढच्या आणाव्यात. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांआधी तर उरलेल्या गोळ्या मोजूनच घ्याव्यात.

पोट साफ होण्याकडे दुर्लक्ष

मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन चालू असेपर्यंत सोबत राहते. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखे आतडे हलवणारे रेचक डॉक्टर लिहून देतात आणि 'जेवतच नाही तर शौचाला काय होणार' असे म्हणून घरचे लोक ते कपाटात ठेवतात. काही जण त्याऐवजी इसबगोल देतात. पाणी पुरेसे न पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या आतड्यात इसबगोलाचा गोळा होऊन बसतो, म्हणून तो येथे टाळावा.

एका काकांना 'जुलाब लागले' म्हणून मला बोलावणे आले होते. तीन दिवसांपासून कपड्यांना थोडे थोडे पातळ लागत होते आणि घरच्यांनी रेचक थांबवून जुलाब बंद होण्याची गोळी चालू केली होती. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला खडे हाताला लागत होते. नऊ दिवसांत त्यांना शौच झालेच नव्हते आणि साचलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ पाझरत होते. त्यांची रात्रीची तळमळही कर्करोगाची नव्हतीच. तीन दिवस शौच झाले नाही तर कळवावे, आणि पातळ झाले तरी आधी मागचे दिवस मोजावेत.

एकच औषध दोन नावांनी देणे

क्रोसिन आणि डोलो ही दोन्ही पॅरासिटामॉलच आहेत, कॉम्बिफ्लाममध्ये ते आयबुप्रोफेनसोबत असते आणि ट्रामाडॉलच्या जोडगोळीतही ते असते. तापाला एक, अंगदुखीला दुसरी असे करता करता दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते; वजन घटलेल्या, यकृत बिघडलेल्या किंवा दारू पिणाऱ्या रुग्णासाठी ती मर्यादा आणखी खाली असते. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन एकत्र देऊ नये, रिकाम्या पोटी देऊ नये, आणि शौच डांबरासारखे काळे झाले तर औषध थांबवून डॉक्टरांना सांगावे. दीर्घकाळ टिकणारी मॉर्फिनची गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देऊ नये. बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते.

फेंटानिल या वेदनाशामकाचा कातडीवर लावायचा पॅच दिसायला साध्या चिकटपट्टीसारखा असतो, पण तो कापू नये, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये आणि ताप चढला तर डॉक्टरांना कळवावे, कारण उष्णतेने औषध वेगाने शोषले जाते. तो लावल्यापासून गुण यायला १२ ते २४ तास लागतात आणि साधारण ७२ तासांनी तो बदलतात. त्यावर पेनाने तारीख लिहावी. नवा लावताना जुना काढायला विसरणे ही चूक मी एकदाच पाहिली आहे, ती एका आजींच्या पाठीवर, आणि तेवढी पुरेशी होती.

गोळीने होत नाही ते गोळीवर सोडणे

तळमळणाऱ्या रुग्णाला जास्तीची मात्रा देण्याआधी चादरीची सुरकुती, ओले डायपर, भरलेली लघवीची पिशवी आणि बेंबीखालचा फुगवटा पाहावा. मूत्राशय तुंबलेला माणूस मॉर्फिनने शांत होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी. लाल झालेल्या माकडहाडावर तेल जिरवून चोळू नये, तेथली दुबळी कातडी त्याने फाटते. त्याखाली गोल रिंगही ठेवू नये, तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा आणखी तोडतो. ड्रेसिंग आधी उरकून मग गोळी देण्याची पद्धत अनेक वॉर्डांतही दिसते. गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्यावी आणि पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवून सोडवावी.

शेवटच्या दिवसांत गिळणे बंद होते. तेव्हा गोळ्या थांबल्या म्हणून वेदनाशमन थांबवायचे नसते. कातडीखालच्या बारीक सुईने औषध देता येते, त्यासाठी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घशात होणारी घरघर ऐकून नातेवाईक कासावीस होतात, परंतु बेशुद्धीत असलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत असण्याची शक्यता कमी असते. त्याला कुशीवर वळवावे, घशात खोलवर नळी घालून ओढत बसू नये. तोंडात चमच्याने पाणी ओतण्याचा आग्रह धरू नये, ते श्वासनळीत जाते. ओठ ओल्या कापडाने टिपावेत, आणि गंगाजल द्यायचेच असेल तर तुळशीचे पान बुडवून त्याचा थेंब ओठांवर टेकवावा.

माणूस गेल्यावर दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत गोळ्यांचा डबा कपाटातच राहतो. उरलेले मॉर्फिन शेजारच्या दुखणेकऱ्याला देऊ नये आणि कचऱ्यातही टाकू नये. वापरलेले पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावेत आणि सगळे मोजून, कागदासह, जेथून आणले त्या रुग्णालयात परत करावे.