‘पवित्र’ला इंग्रजीत काय म्हणाल?

भाषांतराची कामं घ्यायला लागले तेव्हा ‘पवित्र’साठी माझ्याकडे एकच इंग्रजी शब्द होता, ‘होली’. कोकणातल्या एका देवराईच्या फलकाचा मजकूर इंग्रजीत करताना मी बिनधास्त ‘होली फॉरेस्ट’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून वर ‘सेक्रेड ग्रोव्ह’ केलं. मला वाटलं, ही त्यांची आवड. पण तसं नव्हतं.

‘सेक्रेड’च्या मुळाशी लॅटिन ‘साकेर’ आहे. देवासाठी वेगळं काढलेलं, ते सेक्रेड. देवराई म्हणजे नेमकं हेच! गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान. कित्येक ठिकाणी तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. जानवंही म्हणूनच ‘सेक्रेड थ्रेड’. ‘होली’ जुन्या इंग्रजीतला. ‘होल’ म्हणजे अखंड आणि ‘हेल्थ’ हे त्याचे भाऊबंद. त्याचा ओढा देवाच्या किंवा माणसाच्या अंगच्या पावित्र्याकडे, म्हणून साधू ‘होली मॅन’. ‘सेक्रेड मॅन’ कानाला खटकतं. अर्थात गंगेला दोन्ही चालतात, तेव्हा नियम पाठ करत बसू नका. कोशातली उदाहरणवाक्यं वाचा, कोणता शब्द कोणाशेजारी बसतो ते कळतं. ‘होली काऊ’ म्हणजे नुसतं ‘अरे बापरे’, आणि ‘सेक्रेड काऊ’ म्हणजे जिच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही अशी गोष्ट.

आजीचं सोवळं यातल्या कशातच बसत नाही. तिथे ‘रिच्युअली प्युअर’ लिहून मोकळं व्हावं.

‘सँक्टिमोनियस’पासून मात्र सांभाळून. दिसायला भारदस्त, अर्थ सोवळेपणाचा आव आणणारा. एका मानपत्राच्या मसुद्यात सत्कारमूर्तींना हेच विशेषण लावलेलं मी पाहिलंय. भाविक म्हणायचं असेल तर ‘डिव्हाउट’ बरा. ‘पायस’ला कधी कधी टोमण्याचा वास येतो.

राहता राहिले ‘संत’ आणि ‘सेंट’. ध्वनी जुळतो, कूळ वेगळं: आपला ‘सत्’वरून, त्यांचा लॅटिन ‘सांक्टुस’वरून. कॅथलिक चर्चमध्ये सेंट ठरवण्याची रीतसर चौकशी होते, ती व्यक्ती गेल्यानंतर. तुकोबांना संत म्हणायला वारकऱ्यांना कुणाचा दाखला लागला नाही. मी इंग्रजीतही ‘संत’च ठेवते आणि खाली तळटीप देते. मोबदला शब्दांवर ठरला असेल तर ती तळटीपही मोजून घ्या.