एकच शब्द, तीन मीडियम: देवनागरीशी मस्ती करायची असेल तर

आधी एक छोटा शब्द घ्या, 'खडखड' किंवा 'गोंगाट' असला, ज्याला स्वतःचा आवाज आहे. फॉन्ट लगेच उघडू नका. बोरू नाहीतर चपटा ब्रश घ्या आणि जुन्या पेपरवर पानंच्या पानं भरून लिहा, कधी फास्ट कधी एकदम स्लो, शाई संपत आली तरी थांबू नका कारण ते सुकलेले फराटेच नंतर भारी दिसतात.

मग स्टेन्सिल. जाड कार्डशीटवर अक्षर कापताना ब, व, ष यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो, म्हणून मधे बारीक पूल ठेवायचा, आणि तो पूल लपवू नका, डिझाइनचा भाग करा. शिरोरेषा उडवून बघायचीच, पण घ-ध आणि भ-म मध्ये गडबड होते, तर तिथे जपून (पोस्टर वाचताच आलं नाही तर काय उपयोग, असं माझं मत, काही डिझायनर भांडतील).

तिसरं स्कॅनर. लाइट सरकताना कागद हळू ओढा, अक्षरं मस्त ताणली जातात.

कॉम्प्युटरवर बेस फॉन्ट हवा तर फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप' या ग्रुपचे 'मुक्ता' आणि 'बलू' फुकट आहेत, फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर तुटलं तर टाइप सेटिंगमधे वर्ल्ड-रेडी लेआउट ऑन करा. आणि अक्षररचनाकार कमल शेडगेंनी केलेली नाटकांच्या जाहिरातींमधली टायटल्स शोधून बघा, नावातच नाटकाचा मूड दिसतो.