हायडेलबर्ग: आई-बाबांना घेऊन जाण्याआधी वाचा

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मुख्य स्टेशनावर उतरलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांचा चेहरा पडतो. समोर काचेच्या इमारती, ट्रामचे रूळ आणि सायकलींचा ढीग. किल्ला कुठाय? स्टेशन 1955 मध्ये पश्चिमेला हलवलं; जुनं गाव तिथून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. आपली मंडळी ट्रामने बिस्मार्कप्लात्झ या चौकात जातात आणि हाउप्टश्ट्रासे या गावाच्या मुख्य रस्त्यावरून चालायला लागतात. रस्ता दीड किलोमीटरच्या वर, आणि त्याचा पहिला अर्धा भाग कुठल्याही जर्मन शहरात असतात त्याच कपड्यांच्या दुकानांचा. किल्ल्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत आईचे गुडघे बोलायला लागलेले असतात.

त्यापेक्षा स्टेशनवरूनच एस-1 किंवा एस-2 लोकल पकडून ‘हायडेलबर्ग-अल्टश्टाट’ला, म्हणजे जुन्या गावाच्या स्टेशनला उतरा. जवळच गावाच्या पूर्व टोकाची कार्ल्सटोरची कमान आहे. तिथून गाव पाहत पश्चिमेकडे यायचं. दमलात की शेवटी बिस्मार्कप्लात्झला ट्राम आहेच.

आता तिकीट. हे दोनदा वाचा. तुमचं डॉइचलांड-टिकीट (देशभरच्या लोकल, ट्राम, बसचा महिन्याचा पास) फक्त तुमचं, त्यावर आई-बाबा चालत नाहीत. त्यांच्यासाठी काढलंत तर 2026 पासून ते माणशी महिना 63 युरो आहे, आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. पाहुणे 20 तारखेला येऊन पुढच्या 12 ला परतणार असतील तर दोन महिन्यांचे पैसे गेले. वर ती वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. ज्या महिन्यानंतर थांबवायची, त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावी लागते. लोक विमानतळावर निरोप देऊन येतात आणि मग आठवतं. तोवर बँकेतून पुढचे 126 युरो गेलेले असतात. काढलं त्याच दिवशी रद्द करायची तारीख मोबाइलमध्ये टाका.

हे तिकीट आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. शेजारच्या मानहाइम शहरातून हायडेलबर्ग जेमतेम पाव तासावर, म्हणून ‘एवढ्याला काय होतंय’ असं म्हणत समोर उभ्या पांढऱ्या गाडीत चढू नका. शिवाय तिकिटावर नाव असतं, त्यामुळे फोटोचं ओळखपत्र जवळ हवं. पाहुण्यांचा पासपोर्ट घरच्या कपाटात ठेवून निघू नका. विनातिकीट दंड 60 युरो. ‘आम्ही नवीन आहोत’ हे तपासनीस शांतपणे ऐकून घेतो आणि तितक्याच शांतपणे पावती फाडतो.

एकच दिवस असेल तर सकाळी किल्ला आणि संध्याकाळी फिलोसोफेनवेग ही नदीपलीकडच्या डोंगरावरची वाट, हा क्रम उलटा करू नका. किल्ला डोंगराच्या उत्तर उतारावर आहे. सकाळी नदीपलीकडून पाहिलात तर ऊन त्याच्या पाठीशी असतं आणि फोटोत नुसता काळा डोंगर येतो. उतरत्या उन्हात तोच लाल वालुकाश्म पेटल्यासारखा दिसतो.

किल्ल्यावर जायला जुन्या गावातल्या कोर्नमार्क्ट चौकापासून 315 पायऱ्या आहेत किंवा बेर्गबान ही डोंगरगाडी. किल्ल्याच्या तिकिटातच या गाडीचं खालच्या टप्प्याचं जाणं-येणं, अंगण, मोठं पिंप आणि औषधालयाचं संग्रहालय येतं, म्हणून गाडीचं वेगळं तिकीट काढू नका. पिंप 1751 चं, सुमारे 2 लाख 20 हजार लिटर दारू मावेल एवढं. आतल्या दालनांत गाइडबरोबरच जाता येतं. हा किल्ला फ्रेंच सैन्याने 1689 आणि 1693 मध्ये उद्ध्वस्त केला, उरलंसुरलं 1764 च्या विजेने जाळलं. राजवाडा बघायच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. रायगड पाहायला जातो त्या मनाने जा. बाग आणि बागेतल्या गच्चीवरचा देखावा फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात चांगला आहे.

खाली उतरल्यावर जुन्या पुलावरच्या माकडाच्या पुतळ्यापाशी रांग असते. एक फोटो घ्या आणि पुढे व्हा. तो वेळ आउगुस्टिनरगासेमधल्या विद्यार्थ्यांच्या कोठडीला द्या. विद्यापीठ 1386 चं. दारू पिऊन दंगा करणाऱ्या पोरांना ते स्वतःच कोंडून ठेवायचं, 1778 ते 1914 या काळात. पोरांनी काजळीने आणि रंगाने भिंती, छत, जिना सगळं भरवून टाकलंय. टोप्या घातलेल्या काळ्या आकृत्या, नावं, तारखा. शिक्षा कमी आणि मिरवणं जास्त. आपल्या हॉस्टेलच्या भिंती आठवतील.

प्लोक या गल्लीत मात्र रस्त्याच्या मधून रमतगमत चालू नका. ती सायकलींची आहे. मागून घंटी वाजली की थांबून वळू नका, सरळ कडेला व्हा.

जेवायला मारश्टालचं विद्यार्थी भोजनगृह. बुफेत ताटाचं वजन करून पैसे घेतात, त्यामुळे बटाटे आणि रसरशीत भाज्यांनी ताट भरलं तर महागात पडतं. बाहेरच्यांना दर जास्त.

संध्याकाळी नदी ओलांडून फिलोसोफेनवेगला नॉयेनहाइम या पलीकडच्या वस्तीच्या बाजूने चढा. पुलासमोरचा श्लांगेनवेग जवळचा दिसतो, पण तो दोन भिंतींमधला खडा दगडी चढ आहे आणि पावसात निसरडा होतो. गुडघे धड असतील तर सुकं असताना फक्त उतरायला घ्या.

अर्धा तास उरला तर शहराच्या बेर्गहाइम भागात फोसश्ट्रासेवर दक्षिण आशिया संस्था आहे. धनगरांबरोबर हिंडून खंडोबावर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर याच संस्थेत शिकवायचे.

फ्रांकफुर्टकडून येणाऱ्या पाहुण्यांना एक सांगून ठेवा: काही रीजनल गाड्या वाटेत दोन भागांत सुटतात, एक भाग मानहाइमला जातो, दुसरा हायडेलबर्गला. चढताना फलाटावरची पाटी नव्हे, डब्यावरची पाटी वाचायची.